वर्गात चुकलं तर काय होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या पत्रांच्या पानावर शाळा, शिस्त आणि आजकालची मुलं यावर जे चाललंय ते मी वाचतेय आणि दोन्ही बाजू वाचून शेवटी राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. एक बाजू म्हणते आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो, आताच्या पोरांना कुणाचा धाकच नाही. दुसरी बाजू म्हणते मुलांना काही बोलूच नका, ती फुलासारखी असतात. (फुलासारखी! सातवीच्या वर्गावर शेवटच्या तासाला या एकदा.) मी गणित शिकवते, बरीच वर्षं शिकवतेय, आणि मला वाटतं की या भांडणात मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये.

सुरक्षित वर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॅमेरे, गेट, वॉचमन येतात. ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण मूल दिवसाचे पाच सहा तास वर्गात बाकावर बसलेलं असतं आणि तिथे त्याला ज्याची भीती वाटते ती गेटमधून येत नाही. ती "मला नाही समजलं" असं मोठ्याने म्हणण्याची असते. चुकीचं उत्तर दिल्यावर पुढच्या दहा सेकंदांत जे होतं त्याची असते. एखादा वर्ग सुरक्षित आहे का हे मला ठरवायचं असेल तर मी भिंतीवरचे सुविचार वाचत नाही, एवढंच बघते की इथे चुकलं तर काय होतं. आणि तो न्याय्य आहे का हे बघायचं असेल तर पुढचा प्रश्न, की ते सगळ्यांच्याच बाबतीत तसंच होतं का. कारण एकाच वर्गात एक मुलगा चुकला तर "अरे, गडबडीत झालं असेल" आणि दुसरा चुकला तर "तुझ्याकडून हीच अपेक्षा होती", हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

शाळेबाहेरचं एक उदाहरण देते कारण ते मला फार पटलं. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाई नव्वदीच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या, औषधं देताना कुठे किती चुका होतात याचा. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडणार. निघालं उलटंच, ज्या टीम्स चांगल्या चालवलेल्या होत्या तिथे नोंदलेल्या चुका जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे लोक त्या लपवत नव्हते, बाकीच्या ठिकाणी सिस्टरची बोलणी बसतील म्हणून गप्प राहत होते. आता हेच वर्गाला लावून बघा. ज्या वर्गात सगळ्यांच्या वह्या स्वच्छ, सगळी उत्तरं बरोबर, कुणाला काही शंका नाही, तिथे एकतर सगळे विलक्षण हुशार आहेत किंवा सगळे गाईडमधून उतरवतायत. मला तरी पहिला प्रकार अजून भेटलेला नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. शिक्षक प्रश्न विचारतात, चार हात वर येतात, नेहमीचेच चार, त्यातल्या एकाला विचारलं, उत्तर बरोबर आलं, "समजलं का सगळ्यांना?", "होऽऽऽ", पुढे चला. या "हो"ला काडीचाही अर्थ नसतो हे मुलांना माहीत असतं आणि शिक्षकालाही. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात, तर साधारण एक सेकंद. एक! एका सेकंदात ज्याला उत्तर आधीच पाठ आहे तोच बोलू शकतो, विचार करणारा नाही. शिक्षकांनी हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर उत्तरं लांब यायला लागली, गप्प बसणं कमी झालं आणि ज्यांना शिक्षक स्लो समजत होते ती मुलंही बोलायला लागली. आणि याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली ती जास्त बोचते, की आपण ज्यांना हुशार समजतो त्यांच्यासाठी जास्त थांबतो आणि ज्यांना कच्चं समजतो त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा त्यालाच कमी मिळतो, आणि हे कुणी मुद्दाम करत नाही, बिचाऱ्याला अवघडायला नको म्हणून दयेपोटी पण होतं. पण दया असो की कंटाळा, त्या मुलाला कळायचं ते कळतं.

तीन सेकंद थांबायला पैसे लागत नाहीत, ट्रेनिंग लागत नाही, स्मार्टबोर्ड लागत नाही. फक्त ती शांतता सहन होत नाही. मी मनात आकडे मोजते. शिवाय हात वर करायची पद्धत मी जवळजवळ बंदच केलीय, प्रश्न टाकायचा, आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोला म्हणायचं आणि मग डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव आलं तो बोलणार, आणि नसेल येत तर "पास" म्हणायची मुभा आहे पण दोन उत्तरं ऐकून झाल्यावर मी परत त्याच्याकडे येणार हे आधीच सांगून ठेवलेलं. या "परत येणार"मध्ये खरी गंमत आहे, नाहीतर पास म्हणजे झोपायची परवानगी होते. आणि शेजाऱ्याशी बोलून घेतल्याने उत्तर "आमचं" झालेलं असतं, चुकलं तर दोघांचं चुकतं.

चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षक काय म्हणतात यावर तर एक अख्खी पुरवणी निघेल. सगळ्यात कॉमन म्हणजे "कोण सांगेल याला?" साधं वाक्य आहे, मारलं नाही, ओरडलं नाही, पण त्याने काय होतं बघा, एक मुलगा उभा आहे आणि बाकी तीस हात "मी मी" करत त्याच्या चुकीवर वर आलेत. त्यानंतर तो परत स्वतःहून उभा राहील का? एक खरं उदाहरण देते. ०.३ मोठा की ०.२५ असं विचारलं की दरवर्षी बरीच मुलं ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे. १/४ आणि १/३ चंही तसंच, चार मोठे म्हणून १/४ मोठा. ही वेडी उत्तरं नाहीत हो, यात लॉजिक आहे, पूर्णांकांचा नियम बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे दशांशाला लावला. आता मी "चूक, बस खाली" म्हटलं तर तो नियम त्या मुलाच्या डोक्यात तसाच राहणार, फक्त पुढच्या वेळी मुलगा तो लपवणार. त्याऐवजी "कसं काढलंस सांग" म्हटलं की तो सांगतो, आणि अजून आठ जण मान डोलवतात, म्हणजे मला कळलं की नऊ जणांना हे परत शिकवायचंय. एका मुलाने चुकून माझं काम सोपं केलं. फक्त एक पथ्य, "कसं काढलंस" हे बरोबर उत्तरालाही विचारायचं. नाहीतर मुलं एवढी चाणाक्ष असतात की बाईंनी "कसं" विचारलं म्हणजे चुकलंच हे दोन दिवसांत ओळखतात.

आणि हसणं. चुकीच्या उत्तरावर वर्गात जो पहिला हशा पिकतो ना, जूनच्या पहिल्या आठवड्यातला, त्याच क्षणी वर्षभराचं ठरतं. तिथे भाषण द्यायचं नाही, संस्कार वगैरे काढायचे नाहीत. "इथे उत्तरावर हसत नाही आपण", एवढंच, साध्या आवाजात, आणि लगेच त्या उत्तराकडे वळायचं. पण दर वेळी, आणि पहिल्या नंबरवाला हसला तरी. आणि हो, शिक्षकाने स्वतः टोमणा मारून वर्ग हसवला असेल तर मग हे सगळं विसरा. विनोदी शिक्षक मुलांना आवडतात हे खरंय पण कुणाच्या जिवावर विनोद होतोय ते बघा, बहुतेक वेळा तीच दोन मुलं असतात.

आता मार्क. पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचणं, तेही जास्तीकडून कमीकडे, हा प्रकार अजून चालतो यावर माझा विश्वास बसत नाही पण चालतो. शेवटच्या पाचांना आपलं नाव येईपर्यंत जे बसावं लागतं त्यातून कुणी अभ्यासाला लागल्याचं मी पाहिलेलं नाही, पेपरच्या दिवशी पोट दुखणारे मात्र पाहिलेत. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे, त्यात काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त लेखी शेरा, म्हणजे काय जमलं आणि काय सुधारायचं, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्यांची अवस्था नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच, कारण मार्क दिसला की शेरा कोण वाचतो? आम्ही शिक्षक रात्री जागून लाल पेनाने लिहितो आणि पोरगं बघतं फक्त वरचा आकडा, आणि शेजाऱ्याचा आकडा. म्हणून मी निदान चाचणीला तरी आधी शेरा लिहिलेली वही देते, त्यातली दुरुस्ती करून घेते आणि मार्क नंतर. पालक वैतागतात, "मॅडम मार्क किती ते सांगा ना". सांगते, दोन दिवसांनी.

तपासताना होणारा अन्याय तर आपल्याला दिसतही नाही. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क देताना एका गुणावरून बाकीचे सगळे ठरवून टाकतात, दिसायला रुबाबदार तर हुशारही असणार, नेतृत्वही असणार. आम्ही तेच करतो. अक्षर सुंदर, वही कव्हर घातलेली, पहिलं उत्तर झकास, की पुढच्या अर्धवट उत्तरालाही पेन आपोआप पूर्ण मार्क देतं. यावर उपाय अगदी घरगुती आहेत. नावाचं पान दुमडून टाका. एकेक पेपर पूर्ण तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. वेळ फारसा जास्त लागत नाही, उलट डोक्यात एकच उत्तर ठेवायचं असल्याने हात भरभर चालतो. आणि नावं उघडल्यावर कधी कधी धक्का बसतो, "हे याने लिहिलंय?". हा धक्का बसणं हाच पुरावा नाही का?

न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं, असं मुलांना वाटतं आणि दुर्दैवाने बऱ्याच मोठ्यांनाही. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला जास्त वेळ दिला, ऐकू कमी येणाऱ्या मुलीला कायम पुढे बसवलं, की लगेच "त्यालाच का?". मी त्यावर गणिताचंच सांगते, परीक्षा तुझं गणित मोजायला आहे, वाचायचा स्पीड मोजायला नाही, शाब्दिक उदाहरण वाचण्यातच त्याचा अर्धा तास गेला तर मी त्याचं काय मोजलं? मुलांना हे पटतं. पालकांना पटायला वेळ लागतो, विशेषतः ज्यांचं मूल पहिल्या तिनात असतं त्यांना.

आणि अपेक्षा. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ मध्ये छापलेला प्रयोग शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये हमखास सांगतात. एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं की टेस्टनुसार ही ही मुलं यंदा चमकणार आहेत, प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकावी तशी निवडलेली होती. वर्षाअखेर त्यातली खालच्या इयत्तांची मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगतात ते जादू सांगितल्यासारखं, ते तसं नाही, वरच्या इयत्तांत फरक फारसा दिसला नव्हता, त्या अभ्यासावर पुढे भरपूर टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम निघाला तो लहानच. पण लहान परिणाम रोज सहा तास, दहा वर्षं, म्हणजे लहान राहतो का? "ढ" हा शब्द आम्ही आता तोंडाने म्हणत नाही, बरं वाटावं म्हणून "अप्रगत" म्हणतो, पण बाकं अजून त्याच हिशोबाने लागतात.

इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती म्हणजे हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांची भीती. त्यांनाही चुकणं महागच पडतं, कधी कधी जास्त. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास छापला, पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींचं कौतुक केलं "तू हुशार आहेस" म्हणून, काहींचं "छान मेहनत घेतलीस" म्हणून. पुढे हुशार म्हटलेल्या मुलांनी सोपं काम निवडलं, अवघड आल्यावर जास्त ढेपाळली, आणि आपले मार्क दुसऱ्या अनोळखी मुलांना कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातल्या जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. खोटं बोलायचं कारणच काय, ओळख ना पाळख! या विषयावरच्या पुढच्या संशोधनाबद्दल मतभेद आहेत, "मेहनत मेहनत" जपून सगळं सुटतं असं कुणी सांगत असेल तर मलाही ते खपत नाही. पण पहिल्या नंबरच्या मुलीला एक मार्क कमी पडल्यावर बाथरूममध्ये रडताना बघितलेली कुठलीही शिक्षिका हे वाचून मान हलवेल. सपोर्ट म्हणजे वाहवा असं आपण धरून चाललोय. मुलाला विचारलं तर तो म्हणेल की पाचवी पायरी चुकतेय ती कुणीतरी बोट ठेवून दाखवावी आणि परत करायला द्यावी, बस.

ग्रुपमध्ये शिकवा, सहकार्य वाढतं, असं वरून परिपत्रकं येतात. ग्रुपमध्ये काय होतं? एक मुलगी सगळा चार्ट करते, एक मुलगा बॉर्डर आखतो, एक जण रंग धरून उभा आणि चौथा कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही, मार्क मात्र चौघांना सारखे. इलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला यावर उत्तर काढलं. तिथे शाळांमध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एकत्र बसवलेलं आणि वर्गात सतत भांडणं. त्यांनी धड्याचे तुकडे केले, पाच सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा. आधी तोच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं एकत्र बसून तो पक्का करणार, मग आपापल्या गटात जाऊन बाकीच्यांना शिकवणार, आणि शेवटी परीक्षा प्रत्येकाची वेगळी. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसून चालत नाही, कारण त्याच्याकडचा तुकडा तुमच्याकडे नाही. त्याला नीट विचारावंच लागतं. मी हे करते, प्रत्येक धड्याला नाही, अजिबात नाही, वेळ खातं आणि तुकडे नीट पाडता आले नाहीत तर बट्ट्याबोळ होतो. पण भूमितीतल्या चौकोनांच्या प्रकारांना झकास बसतं.

बरं, मग शिस्तीचं काय, असं पहिली बाजू विचारणारच. तुमच्या वर्तमानपत्राला आवडेल असा किस्सा आहे. जेकब कूनिन नावाचे प्राध्यापक शिकवत असताना मागे बसलेला एक विद्यार्थी उघड वर्तमानपत्र वाचत होता. त्याला ते रागावले तर त्याचं जे व्हायचं ते झालं पण ज्यांना रागावलंच नव्हतं ते सगळे सरसावून बसले, खाली बघायला लागले. त्यावरून त्यांनी अभ्यास सुरू केला की कसं रागावलं की वर्ग सुधारतो, वर्षानुवर्षं केला, पुढे वर्गांची व्हिडिओ शूटिंग घेतली, आणि १९७० मध्ये जे छापलं त्यात म्हटलं की रागावण्याच्या पद्धतीने फारसा फरक पडतच नाही! कडक रागवा, गोड रागवा, शांत वर्ग आणि गोंधळी वर्ग यातला फरक तिथे सापडला नाही. सापडला तो आधीच्या गोष्टींत. शिक्षकाला एकाच वेळी सगळीकडचं दिसतं का, फळ्यावर लिहितानाही मागे कुणाचं काय चाललंय याचा अंदाज असतो का, एक काम संपून दुसरं सुरू होताना मध्ये रिकामा वेळ किती जातो, काम मुलांच्या आवाक्यातलं आहे का. म्हणजे धाक की लाड या भांडणाला निदान पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं होतं की दोन्ही नाही, तयारी.

मारण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की शाळेची शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. आम्ही मार खाऊन घडलो म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते की तुमच्या वर्गातले जे मार खाऊन शाळा सोडून गेले ते पत्र लिहायला येतात का?

पण एका शिक्षेबद्दल लिहायचंय कारण ती सभ्य लोकही देतात, अख्ख्या वर्गाला शिक्षा. कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणी ते सांगत नाही, म्हणून सगळ्यांचा खेळाचा तास बंद. सामूहिक शिक्षा युद्धातसुद्धा चालत नाही हो, १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम ३३ मध्ये बंदी आहे तिच्यावर, आणि आम्ही ती सहावी ब ला देतो. मुलांना यातून कळतं ते एवढंच की नीट वागून काही उपयोग नाही. आणि ज्याच्यामुळे तास गेला त्याला नंतर बाकीचे जे करतात ते कुणाला दिसत नाही.

छळाबद्दलही हेच. दोन मुलं भांडली तर "हात मिळवा, सॉरी म्हणा" ठीक आहे. पण भांडण आणि छळ यात फरक आहे आणि तो नॉर्वेतल्या डॅन ओल्वेयस यांनी नीट मांडलाय: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर होतंय तो कमी ताकदीचा. जिथे ताकद सारखी नाही तिथे समोरासमोर बसवून समेट करणं म्हणजे छळणाऱ्याच्या हातात अजून एक संधी देणं, त्या मुलाला सगळ्यांसमोर "हो, मिटलं" म्हणावं लागतं आणि शाळा सुटल्यावर परत तेच. वेगवेगळं बोलावून बोलायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत विचारायचं, हे महत्त्वाचं, परत विचारायचं. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात दाखवलं की छळ ही दोघांतली गोष्ट नसतेच, मध्ये साथ देणारे असतात, हसून हवा देणारे असतात, मान फिरवणारे असतात आणि थोडेसे बाजू घेणारे. तिथल्या शाळांमधला कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो, आणि ते मला व्यवहाराला धरून वाटतं. छळणाऱ्याचं मन मी पस्तीस मिनिटांच्या तासात बदलू शकत नाही, पण त्याला हसून दाद देणारे पाच जण हसायचे थांबले तर त्याची निम्मी मजा जाते. आता तर वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, तिथे हसायला नुसती एक इमोजी पुरते, आणि शिक्षक त्या ग्रुपमध्ये नसतात.

मला माहितीये माझेच सहकारी हे वाचून काय म्हणणार. "मॅडम, पटावर साठ मुलं, पोर्शन संपत नाही, वर माहिती भरायची ती वेगळीच, यात तीन सेकंद थांबू कधी?" खरंय. साठ मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिणं जमत नाही, तिथे मी वाद घालणार नाही, तो प्रश्न शिक्षकाच्या मनोवृत्तीचा नाही, पटसंख्येचा आहे, आणि तो सोडवायचा कुणी हे तुम्ही तुमच्या अग्रलेखात विचारा. पण नाव दुमडायला पट आड येत नाही. "कोण सांगेल याला" न म्हणायला पट आड येत नाही. आणि अजून एक, ज्या स्टाफरूममध्ये "मला हा धडा शिकवायला जमत नाहीये, तुम्ही कसा घेता?" असं विचारायची चोरी असते, जिथे तपासणीला आलेले साहेब मुलांसमोर शिक्षकाला झापतात, तिथल्या शिक्षकाकडून मुलांच्या चुका हसतमुखाने घ्यायची अपेक्षा जरा जास्तच होते. झापायचं असेल तर निदान ऑफिसात बोलावून झापा. मुलं बघत असतात साहेब.

वाचणाऱ्या शिक्षकांना एकच सुचवते, खर्च शून्य. पुढच्या आठवड्यात एका ऑफ तासाला शेजारच्या वर्गातल्या सरांना किंवा बाईंना म्हणा, माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसा. शिकवण्यावर काही बोलू नका, फक्त हा बाकांचा नकाशा घ्या आणि मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या चौकोनात एक रेघ मारा, तो चुकला आणि मी त्याच्यापाशी थांबले तर गोल, न थांबता पुढे गेले तर फुली. १९७० मध्ये ॲडम्स आणि बिडल यांनी वर्गांची शूटिंग बघून दाखवलं होतं की शिक्षकांशी बोलणारी बहुतेक मुलं पुढच्या रांगेतली आणि मधल्या ओळीतली असतात. तुमचा नकाशा कसा निघतो ते तुम्हीच बघा, कुणाला दाखवायची गरज नाही. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या तासाला जाऊन बसा.

आपली,
एक गणित शिक्षिका आणि तुमची नियमित वाचक